धारवाल्याची अर्धी ताडपत्री

शेलूबाजारच्या आठवडी बाजारात विळ्या-सुऱ्यांना धार लावणारा एक म्हातारा बसायचा. पातं अंगठ्याच्या नखावर टेकवून बघितल्याशिवाय तो कुणाला परत देत नसे. मी सोलापूरकडचा, सातवीत शाळा सुटलेली. कंगवे विकायला आलो तेव्हा त्यानं काही न विचारता अर्धी ताडपत्री माझ्याकडे सरकवली.

यंदा बाजाराची जागा ठेकेदाराकडे गेली. त्याचा माणूस भोंग्यावरून सांगू लागला, "आता धंदा मोकळा! लिलावात कोणीही जागा घ्या. पण गडबड केली तर पोलीस उचलतील."

म्हाताऱ्यानं चाक थांबवलं. "धंदा मोकळा करून राह्यले, मंग बोलाले बंदी कायले, साहेब?"

एवढ्यावरच बाजूला उभ्या पोलीस शिपायानं त्याचा दंड धरला. माझ्याकडे बोट करून म्हणाला, "हा तुह्याच संगचा काय बे?"

"नाही जी. परमुलखातला हाय. त्याले काय समजते!" म्हातारा म्हणाला.

म्हाताऱ्याला घेऊन पोलिसांची गाडी गेली. मी वाचलो.

पुढच्या बाजाराला तो आला नाही. लिलाव अजून व्हायचा होता. मी अर्धीच ताडपत्री वापरली, त्याची अर्धी मोकळी ठेवली.

"इथं कोण बसते?" तोच शिपाई.

"माझे काका," मी म्हणालो, आणि कंगवे मांडत राहिलो.