एकाच भोकाचा पट्टा

भवानी पेठेत आमचं ड्रेपरीचं दुकान आहे. शाळांच्या गॅदरिंगला मावळे, माकडं, वाघ, पऱ्या, सगळं आमच्याकडून भाड्यानं जातं आणि परत येताना वाघाची शेपटी हमखास गायब असते. पट्टे म्हणाल तर रेग्झिनचे, वर सोनेरी लेस चिकटवलेली, आणि अर्ध्या पट्ट्यावर भोकांची रांग. भाड्याचा पट्टा आज तिसरीतल्या पोराच्या कमरेला, उद्या त्याच्या हेडमास्तरांच्या. भोकं नसतील तर धंदाच व्हायचा नाही.

आबांना नेमका तसला पट्टा नको होता.

आबा म्हणजे माझे वडील. करकंबला असतात. गावच्या जत्रेत दरवर्षी नाटक होतं आणि मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून त्यातला सेनापती आबाच करतात. मागच्या पावसाळ्यात ते बरेच दिवस दवाखान्यात होते. म्हणून यंदा नाटक बसवणाऱ्यांनी आडून आडून सुचवलं, की तुम्ही प्रधान करा, प्रधानाला बसायला स्टूल असतं. आबांनी ऐकून घेतलं आणि मला फोन लावला.

"माझा पट्टा तुटलाय. खऱ्या चामड्याचा करून दे. तलवार जड हाय, रेग्झिन टिकत न्हाय. आन भोक एकच पाड. सेनापतीच्या पट्ट्याला कुटं रांग असती व्हय?"

"आन माप?"

"धाडतो की."

माप आलं ते सुतळीचं. भाजीच्या टेम्पोवाल्याबरोबर, वर्तमानपत्रात गुंडाळलेली, दोन्ही टोकांना गाठ मारलेली सुतळी. गावाकडून आमच्याकडं मापं अशीच येतात आणि गाठ मारलेल्या सुतळीवर आम्ही शंका घेत नाही. एवढंच बजावावं लागतं, की माप अंगरखा आणि शेल्यावरून घ्या, नुसत्या कमरेवरून नको. जन्मभर नाटकात काम केलेल्या माणसाला ते काय सांगायचं, म्हणून सांगितलं नाही.

चामड्याचा पट्टा जोडायला क्रम लागतो. आधी पट्टी कापायची, मग तिच्यावर पितळी चांदण्या ठोकून त्यांचे पाय आतून वाकवायचे, ते पाय टोचू नयेत म्हणून आतून अस्तर लावायचं, आणि सगळ्यात शेवटी बक्कल. मी पुढं गिऱ्हाईक बघायला गेले तेवढ्यात आमच्या ह्यांनी मदत म्हणून सोल्युशन लावून अस्तर चिकटवून टाकलं. चांदण्या डबीतच.

"आता वरनं ठोक की," हे म्हणाले.

"आणि पाय? ते काय आबांच्या पोटात वाकवू?"

अस्तर ओढलं तर त्याच्याबरोबर चामड्याचा पापुद्रा सुटून आला. दुसरी पट्टी कापली. चांदण्या एका ओळीत येईनात, एक वर, एक खाली. मोबाईलवर एक माणूस मागं गाणं लावून हेच काम करून दाखवतो आणि त्याच्या बोटाला कधी काही होत नाही. त्या माणसाचा मला मनापासून राग आला.

बक्कलवरून तर घरात भांडणच झालं. ह्यांचं म्हणणं, पट्टीचं टोक बक्कलमधून दुमडून स्क्रूनं आवळ, उद्या मागंपुढं करायचं झालं तर खोलता येईल. मी म्हटलं, हा काय भाड्याचा माल आहे? मी टोक आतून तासून पातळ केलं, दुमडलं, आरीनं भोकं पाडून मेण लावलेल्या दोऱ्यानं दोन्हीकडून शिवलं. आरी अंगठ्यात गेली. पण दुमड अशी बसली की बोट फिरवलं तरी जोड लागू नये. मग सुतळी लावून, मोजून मापून, भोक पाडलं. एकच.

तो पट्टा घेऊन मी एसटीनं करकंबला गेले. आबांनी अंगरखा चढवला, शेला गुंडाळला, पट्टा बांधला, तलवार अडकवली आणि दोन पावलं टाकली. पट्टा घसरून मांड्यांवर आला. तलवारीचं टोक फरशीवर आपटलं.

"चामडं ताणलं तुझं," आबा म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. "चामडं असं एका दिवसात ताणतं व्हय आबा? सुतळी कुणी मापली?"

जुना पट्टा कोपऱ्यात खुंटीला होता. मी पिशवीतून सुतळी काढून त्याच्यावर धरली. बक्कलपासून मूळच्या भोकापर्यंत, गाठीला गाठ. माणसानं कंबर मापलीच नव्हती, पट्टा मापला होता. आणि त्या भोकाच्या आत, बक्कलच्या बाजूला, खिळा तापवून पाडलेली आणखी भोकं होती. एकाच्या पुढं एक, वाकडीतिकडी. शेवटची दोन तर एकमेकांत मिसळली होती आणि पट्टा बरोबर तिथंच फाटला होता.

"तुमाला ठावं होतं," मी म्हणाले. "मी तिकडं अंगठा फोडून घेतला, आन तुमाला सगळं ठावं होतं. खरं माप धाडायला काय झालं होतं?"

"खरं धाडलं असतं तर तूबी म्हनली असतीस, प्रधान करा."

मी म्हणालेच असते. म्हणूनच मला जास्त चीड आली.

"हात वर करा," मी म्हटलं आणि सुतळी त्यांच्या कमरेभोवती घातली. अंगरख्याच्या आत माणूस कुठं सुरू होतो तेच कळेना. आमच्या दुकानात माप देताना सगळे पोट आत ओढतात. आबांनी फुगवलं होतं.

"फुगवू नका."

"फुगवत न्हाय. तेवढं हायेच."

मी सुतळी धरून तशीच उभी राहिले. श्वास किती वेळ धरणार? शेवटी आबांनी सोडला, आणि सुतळी माझ्या हातात सैल पडली.

मी बक्कलची शिवण उसवायला घेतली. पिशवीत चामडं कापायची रापी होती, भोकं पाडायचा पंच होता, आणि मी घेतले नव्हते ते स्क्रूसुद्धा होते, पाना-पेचकसासकट. ह्यांनी न सांगता टाकलेले. रीत अशी, की जास्तीचं चामडं कापायचं, टोक तासायचं, पुन्हा शिवायचं. जास्तीचं जवळजवळ वीतभर भरलं. मी रापी त्याच्यावर ठेवली. मग उचलली आणि पिशवीत टाकून दिली.

ते वीतभर चामडं मी तसंच, न तासता, आत दुमडलं आणि स्क्रूनं आवळलं. इतकं बेढब काम मी भाड्याच्या मालातही केलेलं नाही. आबांनी पट्टा बांधला. त्या एकाच भोकात बसला. दोन पावलं टाकली, घसरला नाही. मग त्यांनी बक्कलमागचा गठ्ठा चाचपला.

"हितं लई जाड झालंय."

"ऱ्हाऊ दे. कापलं न्हाय मी. अंग भरलं की सोडायचंय."

ते बराच वेळ त्या गठ्ठ्यावर अंगठा फिरवत राहिले.

"हे स्क्रू खोलता येत्यात न्हवं?"

"येत्यात."

मग त्यांनी तलवार अडकवली.