दारूचं शेत

जेवण झालं, पान झालं, आणि डोईफोडे गुरुजी ओसरीवरच्या आरामखुर्चीत टेकतात. पौषातलं ऊन पायांवर आहे. झोप म्हणावी तर नाही, जाग म्हणावी तर तीही नाही. डोक्यात एकच भुंगा: कुठं आहे ते शेत?

भानगड काय ती ऐका. सव्वादोनशे वर्षांपूर्वी सोनखेडीच्या शिवारात मराठ्यांची न् इंग्रजांची लढाई झाली. मेलेल्या गोलंदाजांना ‘दारूचे शेती’ पुरलं, असं एका जुन्या मोडी कागदात सापडलंय. उद्या सकाळी जिल्ह्याचे साहेब स्मारकाचा दगड घेऊन येणार. गुरुजींनी जागा दाखवली नाही, तर दगड जाणार शेजारच्या धामणीला. आणि दारूचं शेत कुठलं, हे गावात कुणालाच सांगता येत नाही. येईल कसं? चाळीस वर्षांपूर्वी दारूबंदीच्या भरात ह्याच गुरुजींनी ते नाव पुसून टाकलं. एका बैठकीत पाच शेतांची बारशी उरकली, अमृतमळा, गांधीमळा आणि काय काय. त्यातलं ते कुठलं, हे आता त्यांनाही आठवत नाही. तोफेच्या दारूलाही दारूच म्हणतात, हे मास्तर असून सुचलं नाही! कोतवाल लिंबाजी साळवे तेवढा ‘नका बदलू’ म्हणत होता. “तुला पाजतं कोण रे?” म्हणून गुरुजींनी त्याला भर सभेत झापलं, ते नाव तोंडातून काढणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. ज्यानं जन्मात थेंब चाखला नाही त्याला! तो जाऊनही नऊ वर्षं झाली.

“गुरुजी, निजलात का?”

लिंबाजी पायरीशी उभा आहे, खांद्यावर घोंगडी. गुरुजींना त्याचं नवल वाटत नाही, रागच येतो.

“आत्ता येतोस? ते शेत कुठं रे?”

“कोनतं?”

“अरे तेच... ते...”

“नाव घ्या की.”

ओसरी आता शाळेचा वर्ग आहे. फळ्यावर गावाचा नकाशा आहे, पण बोट लावावं तिथली रेघ पुसली जाते. गुरुजी हात झटकतात.

“मला काय म्हणायचंय ते तुला चांगलं कळतंय!”

“कळतंय. पर मी न्हाई बोलायचा. शपथ घातली ना तुम्ही.”

लिंबाजी मागच्या दारानं बाहेर पडतो. दाराबाहेर मैदान नाही, नांगरलेलं रान आहे. गुरुजी ढेकळांतून धडपडत त्याच्या मागं निघतात. पायाखाली कुणीतरी खोकतं.

“हळू चाला,” लिंबाजी म्हणतो. “खाली मानसं हायेत.”

“म्हणजे हेच ते! कोणता मळा हा? खुणेला एक झाड तरी दाखव!”

झाड नाही, बांध नाही. चहूकडे सारखंच रान. गुरुजींना रडू येतं संतापानं.

“मेल्यावरही आडमुठाच राहिलास! उद्या दगड धामणीला जाईल. ही माणसं इथंच राहतील, बिननावाची.”

“माझ्या कौतिकाला ठावं हाय सारं. एकाच गावात ऱ्हाता, तिला का न्हाई इचारलं?”

 चाळीस वर्षं गुरुजी कौतिकाच्या गल्लीनं गेलेले नाहीत. बापाला झापलं तेव्हा ती सभेत होती, परकर-पोलक्यातली पोर.

“कोणत्या तोंडानं जाऊ तिच्या दारात?”

“ह्याच.”

लिंबाजी वाकतो, चिमूटभर माती उचलतो आणि गुरुजींच्या जिभेवर ठेवतो.

“चाखा. पिन्याची लागती का तोफंची?”

खारट, कडूजहर. गुरुजींना ‘चुकलं माझं’ म्हणायचं आहे, पण तोंड भरलेलं आहे, शब्द फुटत नाही. लिंबाजी थांबत नाही. घोंगडी सारखी करतो आणि चालू लागतो.

“मामंजी! ओ मामंजी!”

सून चहा घेऊन उभी आहे. ऊन पायांवरून खाली उतरलंय. गुरुजी दातांवरून जीभ फिरवतात, कचकच लागते. तळहातावर थुंकतात आणि मूठ मिटतात.

“चपला दे माझ्या. लिंबाजीच्या कौतिकाकडं जायचंय. पाया पडतो तिच्या, मग शेताचं विचारतो.”

“अगंबाई! आणि कुणी विचारलं, गुरुजी तिकडं कसे काय, तर काय सांगू?”

“सांग, गुरुजींनी माती खाल्ली.”

ती हसायला लागते. गावात कुणाचं काही चुकलं की असंच म्हणतात. गुरुजी मूठ उघडतात, आणि तिचं हसू थांबतं. तळहातावर काळी माती आहे, थुंकीनं ओली.