वल्हं दुसऱ्याच्या हातात

टीम लीड झाल्यावर पहिलाच निर्णय माझ्या गळ्यात पडला. कोल्ड स्टोरेजवाल्यांचं अवाढव्य वेब अ‍ॅप्लिकेशन जावास्क्रिप्टच्या कुठल्या फ्रेमवर्कवर, म्हणजे कुठल्या तयार सांगाड्यावर, उभारायचं? त्यांना आधी दाखवायचा नमुना फसला तर काम बंगळुरूच्या ऑफिसकडे जाणार आणि महापेतली आमची टीम फुटणार. आमच्या मॅनेजर सरांनी हे असं सांगितलं, जणू कँटीनमध्ये आज उपमा नाही.

मला सगळ्यांच्या सवयीचं जुनं फ्रेमवर्क हवं होतं. आमचा सगळ्यात हुशार सीनियर मात्र एका नव्याकोऱ्या फ्रेमवर्कच्या प्रेमात पडला होता. त्याचा डेमो खरंच झकास झाला. "मॅडम, दुनिया पुढे गेली. आपल्याला काय म्युझियम उघडायचंय?" सगळे हसले. मीही हसले, पण आतून भडकले होते.

मी खाडीकाठच्या तळवलीची. बाबा नोकरी सांभाळून खाडीत मासे धरायचे. जुनी होडी घ्यायची तर विकणाऱ्याला वल्हं धरू द्यायचं नाही, हा आमच्या घरचा शिरस्ता. तो सफाईने नेणारच! वल्हं तिसऱ्याकडे द्यायचं आणि आपण काठावरून बघायचं, होडी नीट चालते का, पाणी शिरतं का. बाबा मला सोबत न्यायचे. पोरीला कशाला नेता, म्हणून आई कुरकुरायची.

मी फर्मान काढलं. दोन्ही फ्रेमवर्कमध्ये एकच स्क्रीन बनवा, कुठल्या खोलीत कुठला माल आहे ते दाखवणारी. नव्यात सीनियर बनवेल, जुन्यात माझ्यासह आम्ही तिघी. मग खुर्च्या बदला. समोरच्याच्या कोडमध्ये मालाची तारीख दाखवायची सोय करा. ज्याने तो लिहिला त्याने हात लावायचा नाही, तोंडही उघडायचं नाही.

"संगीत खुर्ची आहे का ही?" सर म्हणाले.

नव्या फ्रेमवर्कपुढे माझ्या दोघी सहकाऱ्यांनी डोकं आपटलं. तारीख आली, पण खोल्याच गायब झाल्या. सीनियर मागे ओठ चावत उभा. मग तो नाक मुरडत आमच्या कोडपुढे बसला आणि चहा यायच्या आत काम संपवून उठला.

माणूस सच्चा. सगळ्यांसमोर म्हणाला, "जुनंच घ्या. माझं फक्त मलाच चालवता येतं." त्याचं एक टूल मात्र मी हट्टाने ठेवून घेतलं. आकड्याच्या जागी अक्षर टाकलं, की ते कोड लिहितानाच बोंब मारतं.

नमुना पास झाला आणि काम आमच्याकडेच राहिलं. आज त्यातल्या बऱ्याच स्क्रीन नंतर आलेल्यांनी लिहिल्यात. माझा कोड ते बिनधास्त मोडतात, जोडतात. मला त्याचा अभिमान वाटतो, चारचौघांत सांगण्याइतका.

काम पक्कं झालं त्या संध्याकाळी बाबांना सगळं सांगितलं. फ्रेमवर्क त्यांच्या डोक्यावरून गेलं.

"वल्हा विकनाऱ्याच्या हातान नव्हता ना?"

"नाय."

"पानी शिरला?"

"त्यांच्यान शिरला. आपल्यान नाय."

बाबा आईकडे वळले. "बगलास? पोरीला होडी बगाला उगाच नाय न्यायचो."