अंगठ्यातला खडा

आमच्या ह्यांच्या पायाचा अंगठा दुखायचा. दुखायचा म्हणजे कसा, तर घोंगडीची कड नुसती लागली तरी ते ओरडायचे. अंगठा लालभडक व्हायचा, आठवडाभर तसाच राहायचा आणि मग आपोआप उतरायचा. उतरला की लोक म्हणायचे, बघा, नाटक होतं. असं कितीतरी वर्षं चाललं. सुरुवातीला मला रडू यायचं. पुढं पुढं ते ओरडले तरी मी भाकरी थापत असले तर थापतच राहायची. खरं सांगते, आतून काही हलायचंच बंद झालं होतं.

आमी मेंढरंवाले. दिवाळी झाली की जिंतूरच्या डोंगराकडून निघायचं, लोकांच्या शेतात खतासाठी मेंढरं बसवत बसवत गंगाखेडाकडं उतरायचं, आणि पावसाच्या आधी माघारी यायचं. सगळा चालण्याचा धंदा. त्या वर्षी माझा दीर तोंडावरच म्हणाला, "दादा, औंदा तुझ्यानं चालणं झालं न्हाई तर मेंढरं इकून टाकू. मी एकटा कुठं कुठं पुरू?" मेंढरं दोघांची मिळून होती. आमच्या ह्यांनी फेटा बांधला. मला म्हणाले, "चल, परभणीला जाऊन येऊ."

परभणीला हाडाच्या डॉक्टरनं अंगठा बघितला आणि शेजारच्या सोनोग्राफीला पाठवलं. म्हणाला, ही मशीन पोटासाठी आणलीय, पण सांध्यावर लावून बघायला काय जातंय. तिथं बाकावर सगळ्या पोटुशा बाया, आणि त्यांच्या मधोमध आमचे हे, फेटा बांधून. लेकीला घेऊन आलेली एक म्हातारी यांच्याकडं बघून म्हणते, "काय दाजी, कितवा लागलाय?"

हे म्हणाले, "दिवस भरलेत मावशी. अंगठ्यातच हाय."

अख्खा बाक हसला. मीही हसले असेन.

आत गेल्यावर अंगठ्याला गार गार लोणी लावल्यासारखं काहीतरी लावलं, मग गुडघ्याला. टीव्ही नीट लागत नाही तेव्हा जशा मुंग्या दिसतात तसं काचेवर दिसत होतं. डॉक्टर तरुण होता. त्यानं बोट लावून दाखवलं. "हे पांढरं चमकतंय ना मामा, हे खडे. रक्तातली घाण सांध्यात साचते आणि तिचे बारीक बारीक खडे होतात. या गोळ्या रोज घ्यायच्या. हळूहळू विरघळतील. दुखायचं थांबलं तरी गोळी सोडायची नाही."

एवढं सगळं तो बोलला. आमच्या ह्यांनी त्यातला एकच शब्द ऐकला.

खडा म्हणजे काय, हे आमच्यात लेकरालाही कळतं. मेंढरू लंगडायला लागलं की त्याला उताणं पाडायचं, खूर तासायचा, आत रुतलेला खडा सुरीच्या टोकानं उपसायचा आणि करंजाचं तेल भरायचं. संध्याकाळपर्यंत ते कळपात चालायला लागतं. ह्यांचा सगळा जन्म त्यात गेलेला. येष्टीत कंडक्टरलासुद्धा सांगितलं, "मशीनीत खडा निघाला बरं का." घरी आल्या आल्या दिराला म्हणाले, "मी नाटक करायलो व्हय रं? खडा हाय, खडा. पांढराशिप्पट."

दीर म्हणाला, "मग काढायला डाक्तरचे हात मोडले हुते का?"

दुसऱ्या दिवशी मी पाणी घेऊन आले, तर हे लिंबाला टेकून बसलेले. पाय दगडावर, हातात खूर तासायची सुरी. "अगं ये, बघ. निघाला." पळसाच्या पानावर रक्त होतं, आणि त्यात भिजवलेल्या चुन्यासारखं पांढरं काहीतरी. ते बोटात चोळून चोळून खडा शोधायले होते. "भुगा झालाय जणू त्याचा," म्हणाले. मी घागर उतरवली. पाय धुतला, हळद भरली.

मग ताप आला. अंगठा काळा पडत गेला. परभणीला निघावं म्हणलं तर विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद होता, येष्टी हलत नव्हती. बंद उठला तेव्हा गेलो, आणि हाडाच्या डॉक्टरनं अंगठा ठेवला नाही.

तो तरुण डॉक्टर बघायला आला. "मामा, ते चाकूनं काढायचे नव्हते हो."

"मग खडे कशाला म्हणलाव?" हे रागावले नव्हते. खरंच विचारत होते.

डॉक्टरनं पायाची पट्टी सारखी केली. "दुसरं काय म्हणू?" एवढंच म्हणाला.

आमी गावी आलो तेव्हा मेंढरं विकून झालेली होती. रात्री कळपाभोवती लावायची जाळी, वाघूर म्हणतो आमी तिला, ती गुंडाळून भिंतीला लावलेली. दीर म्हणाला, "वैनी, दिवाळी झाली. वाट तरी कुठवर बघू?" मी हूं म्हणलं. चूल पेटवायची होती.

गोळ्या मी दिल्या. रोज, भाकरीबरोबर. दुखणं परत आलं नाही. वर्षानं त्या तरुण डॉक्टरनं मशीन पुन्हा लावली, दुसऱ्या अंगठ्याला आणि गुडघ्याला, आणि खुश झाला. "जवळजवळ गेलेच की! आता लागेल तेवढं चाला मामा."

हे म्हणाले, "बरं."

तिथून स्टँडपर्यंत आमी पायीच गेलो. अंगठा नसल्यानं त्यांचं पाऊल जरा तिरकं पडायचं, पण झपाझप चालले. कळप असायचा तेव्हा हे सगळ्यात पुढं, मी सगळ्यात मागं, आणि मधी मेंढरं. त्या दिवशीही तेवढंच अंतर ठेवून चालत होते, मागं न बघता. मधून रिक्षा जायल्या होत्या, सायकली जायल्या होत्या. मी काही पाय उचलून गाठलं नाही त्यांना.

मी पोचले तेव्हा ते बाकावर बसलेले. म्हणाले, "दुखलं न्हाई."

मी म्हणलं, "बरं झालं."

जिंतूरची गाडी लागलेली होती.