घाटात न दमलेली गाडी

आमचं घर बुलढाण्याच्या अगदी कडेला होतं, मलकापूरचा रस्ता राजूरचा घाट चढून वर येतो तिथं. घाटातून कुठली गाडी येते आहे, भरलेली की रिकामी, हे बाबा भाकरी मोडता मोडता नुसत्या आवाजावरून सांगायचे. ते कापसाच्या एका शेठची ट्रक चालवायचे. इथून मलकापूरच्या स्टेशनावर कापूस न्यायचा आणि येताना मीठ, गूळ, सिमेंट भरून घाट चढायचा, हे त्यांचं काम. महाराष्ट्र होऊन दोन-चार वर्षं झाली असतील. रस्त्यावर ट्रका मोजक्याच होत्या आणि ड्रायव्हरला लोक उस्ताद म्हणायचे.

गाडी शेठची, पण जीव बाबांचा. सुट्टीच्या दिवशी विहिरीवर नेऊन ते तिला चाकांच्या आतपर्यंत धुवायचे. माय तिला सवत म्हणायची. बाबा घरी आले की दारातच विचारायची, "झाली का सवतीची आंघोळ?" बाबा हसायचे. त्यांच्या मनात एकच गोष्ट होती, ही गाडी आपली करायची. दुसरी कुठली जुनी गाडी नको, हीच. शेठनं शब्द दिला होता की विकेन तेव्हा बाजारात जो भाव येईल त्याच भावात पहिल्यांदा तुला विचारेन. बाबांना तो शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

ड्रायव्हरला वाटेत जेवायला मालकाकडून भत्ता मिळायचा. बाकीचे ड्रायव्हर मोताळ्याच्या हॉटेलात बसून तर्रीची भाजी ओरपायचे. आमचे बाबा त्यांच्याच बाकावर बसून फडक्यातली भाकरी आणि ठेचा काढायचे. हॉटेलवाला पाण्याचा गिलाससुद्धा आपटून ठेवायचा म्हणे. तो भत्ता मायच्या हातात यायचा आणि माय तो कोठीमागच्या पत्र्याच्या डब्यात टाकायची. बाबांची विडी सुटली, पान सुटलं. मायची चांदीची कडी गेली. दर दिवाळीला माझ्या परकराला खालून नवी पट्टी जोडली जायची, इतकी की पट्ट्यांवरून माझं वय सांगता आलं असतं. पण कुरकूर कोणी केली नाही. आपली गाडी येणार म्हटल्यावर जुना परकरही मिरवता येतो.

बाबांची एक खोड होती आणि तिनंच आमचा घात केला. गाडी नीट ठेवल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. जास्तीचा माल भरायला ते साफ नकार द्यायचे, मग त्याची वरकमाई दुसऱ्याच्या खिशात जायची. शेठनं ग्रीसला पैसे दिले नाहीत तर डब्यातून काढायचे. माय कुरबुरली की म्हणायचे, "आपलीच होनार हाये नं ते. आपल्याच घरात लावून राह्यलो समज." आम्हाला ते पटायचं. जी गाडी घ्यायची आहे ती जितकी चांगली ठेवावी तितकी महाग होते, एवढी साधी गोष्ट आमच्या तिघांपैकी कोणाच्याच डोक्यात आली नाही.

पुढे शेठनं नवी गाडी घ्यायचं ठरवलं आणि जुनी विकायला काढली. त्यानं शब्द पाळला. बाबांना पहिल्यांदा बोलावलं आणि खामगावच्या एका व्यापाऱ्यानं सांगितलेला भाव त्यांच्यापुढे ठेवला. आमच्या डब्यात त्याच्या निम्मेही निघाले नाहीत, आणि ड्रायव्हरला उसने देणार कोण? शेठनं शब्द मोडला असता तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं. निदान शिव्या द्यायला कोणीतरी मिळालं असतं.

सौदा अजून पक्का नव्हता. व्यापारी भरलेली गाडी घाटात चालवून बघणार होता, आणि चालवणार होते बाबाच. आदल्या दिवशी बाबांचा दोस्त, गाड्या दुरुस्त करणारा मिस्त्री, आमच्या अंगणात येऊन बसला. त्याचं म्हणणं सोपं होतं. डिझेलच्या एका नळीचा नट जरासा ढिला करायचा. गाडी धूर ओकेल, चढावर दम टाकेल, गिऱ्हाईक पळेल. दोन-चार महिने असं झालं की भाव आपोआप खाली येईल. नुकसान काहीच नाही, नट पुन्हा आवळला की गाडी होती तशी. बाबा मान हलवून हो म्हणाले, आणि मिस्त्रीनं लगेच जाऊन नट ढिला केला.

सकाळी बाबांनी दारापुढंच गाडी सुरू केली. ती खोकली, थरथरली आणि एका पायानं लंगडत चालल्यासारखा तिचा आवाज यायला लागला. बाबा स्टेअरिंगवर बसून ऐकत राहिले. त्यांचा चेहरा बघून माय उंबरा उतरून खाली गेली.

"एक डाव खराब चालवा," ती म्हणाली. "जन्मात एकच डाव."

बाबा खाली उतरले. पाना घेतला, झाकण उघडलं आणि नट आवळून टाकला.

"मले नाई आयकवत तिचा आवाज," ते म्हणाले. मायकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

दुपारी आम्ही दोघी रस्त्याच्या कडेला उभ्या होतो. मिठाची पोती भरलेली गाडी घाट चढून आली. कुठं अडखळली नाही, कुठं धूर नाही, शेवटच्या वळणावरसुद्धा तिला धाप लागली नाही. माझ्या छातीत अभिमान आणि रडू एकदमच दाटून आलं. वर शेठ थांबलाच होता. व्यापारी उतरला आणि त्याला म्हणाला, "शेठजी, गाडी पोरीवाणी सांभाळली तुमी." शेठ हसला. बाबा मागं उभे राहून काचेवरची धूळ पुसत होते.

व्यापाऱ्याचा भाचा गाडी चालवणार होता. गाडी न्यायला आला तेव्हा बाबांनी त्याला सगळं सांगितलं, सकाळी गाडी तापू द्यावी, घाटात दुसरा गिअर आधीच टाकावा, ब्रेक जरा डावीकडं ओढतो. तो हाव हाव म्हणत राहिला. गाडी वळणाआड गेली तरी बाबा तिथंच उभे होते.

त्यानंतर बाबा शेठची नवी गाडी चालवायला लागले. चालवायचे चांगलीच, पण धुवायला विहिरीवर नेली नाही. आता ते हॉटेलात जेवायचे. माय सकाळी चुलीपुढं बसायची आणि भाकरीचं फडकं रिकामंच घडी करून ठेवायची. माझ्या मायनं त्या गाडीला इतकी वर्षं सवत म्हटलं, पण गाडी गेल्यावर तिच्यासाठी रडली ती माय.

खामगाववाल्याची गाडी कधीमधी आमच्या घरावरून जायची. वरपर्यंत पोती कोंबलेली असायची. बाबा घरी असले आणि खालून तिचा आवाज आला की त्यांचा घास हातात राहायचा आणि डावा हात हवेतच गिअर बदलायचा. "दुसरा टाक बे," ते पुटपुटायचे. भाचा कधीच वेळेवर टाकत नसे. मला तिथून उठून जावंसं वाटायचं.

पुढच्या उन्हाळ्यात त्या डब्यातल्या पैशांत माझं लग्न झालं. थाटात झालं, लोक म्हणाले ड्रायव्हरनं हौस केली.

दिवाळीला मी पहिल्यांदा माहेरी आले ती परत जायचं नाही असं ठरवूनच. सासरी काय झालं ते सांगत बसत नाही. पाठीवरचे वळ पदराखाली झाकून आले होते एवढं पुरे. सांगायचं म्हणून तोंड उघडणार तोच अंगणात मिस्त्री येऊन बसला.

"भाच्यानं वाट लावली गाडीची," तो बाबांना म्हणाला. "विकून राह्यले, उस्ताद. आता भाव तुमच्या डब्याएवढाच हाये."

मायनंच सांगितलं की डबा पोरीच्या लग्नात गेला. मिस्त्री जमिनीकडं बघत बसला. मग बाबा माझ्याकडं वळले.

"तू सुखात हायेस नं, बाई?"

ज्या माणसाला एक नट ढिला ठेवता आला नाही, त्याची मी पोर. तरी मी म्हणाले, "हाव, बाबा."

"मंग झालं," ते म्हणाले, आणि मायला मिस्त्रीसाठी चहा ठेवायला सांगितलं.

चार दिवसांनी सासरचा माणूस न्यायला आला आणि मी गेले.