रेघेवरचा तांब्या

शेवटचं भेटलो तेव्हा नथूभाऊ माझ्याशी धड बोललेच नाहीत, फळीवरच्या तांब्याकडेच बघत होते. आठ दिवसांनी सकाळी त्यांच्या सुनेचा फोन आला, "बाई, बाबा झोपेतच गेले..." आणि सांगायला लाज वाटते, पण मला आधी तो तांब्याच आठवला.

इथे परराज्यात, भेस्तानात, एका यंत्रमाग कारखान्याच्या माडीवर खानदेशातून आलेल्या आमच्या माणसांचं संग्रहालय आहे. संग्रहालय कसलं, एक खोली. जन्मभर माग चालवून नथूभाऊ घरी बसले आणि दारोदार फिरून वस्तू मागू लागले. लाकडी धोटे, कातऱ्या, पत्र्याच्या पेट्या, गावाहून निघताना बरोबर घेतलेली भांडी. मी मराठी शाळेत शिकवायचे, अक्षर बरं, म्हणून चिठ्ठ्या लिहिणं माझ्या गळ्यात पडलं. देणाऱ्याचं नाव ठळक, वस्तूचं बारीक, हा त्यांचा हुकूम. बघायला येणारे बहुतेक देणारेच असत. आपली वस्तू जागेवर आहे ना, एवढं पाहून ते परत जात.

पण वस्तू जागेवर राहत नसत. खालच्या मागांच्या हादऱ्याने फळीवरून हळूहळू कडेला सरकत. नथूभाऊंनी प्रत्येकीच्या पुढ्यात पेन्सिलीची रेघ ओढली होती. रोज सकाळी ते दोन बोटांनी एकेक वस्तू मागे ढकलत. मी वैतागून म्हटलं, तारेने बांधा की सरळ! ते माझ्यावरच उखडले. "बाई, दसराले लोके येतस, हत्यारले हळद लावतस. बांधेल हत्यारनी कोनी पूजा करस का?" इतका हट्टी माणूस मी दुसरा पाहिला नाही. आणि त्या हट्टापायीच पुढचं कळलं.

कोपऱ्यातला तांब्या त्यांच्या आईचा. मागे ढकलला नाही तर रेघेपासून कडेपर्यंत यायला त्याला आठवडा लागे. खाली नवे, जड माग बसले आणि तो तीन दिवसांत येऊ लागला. मग बाकीच्या वस्तूही त्याच कोपऱ्याकडे वळल्या. तिथे भिंतीला तडा गेला होता. नथूभाऊ मालकाकडे गेले, मीही बरोबर होते. मालक हसले. "बेन, मशीन चलेगा तो थोडा तो हिलेगा ना. भाऊ को बोलो, लोटा नीचे रख दे."

त्या शेवटच्या भेटीत भाऊंनी तांब्यापुढे चार बोटांवर दुसरी रेघ ओढली. "एक पाळीमा हाऊ तांब्या हाई रेघ वलांडी गया, ते चिठ्ठ्या लिखत बसू नका. खालना लोकेसले भाईर काढा." बस, एवढंच बोलले.

तेराव्यानंतर किल्ली माझ्याकडे आली. खोली उघडली तर सगळ्यावर सुताचा भुसा, आणि तांब्या जमिनीवर, पोचा पडलेला. मी तो पहिल्या रेघेवर ठेवला. महिनाभर रोज मागे ढकलत राहिले, एका पाळीत तो दुसऱ्या रेघेपर्यंत कधी आला नाही. मागच्या आठवड्यात सकाळी ठेवलेला तांब्या संध्याकाळी दुसऱ्या रेघेच्या पुढे होता. मुलांना जिन्यात धावू नका म्हणून ओरडण्यात माझा जन्म गेला... त्या दिवशी मी धावले. कारखान्याच्या दाराशेजारचा विजेचा मोठा खटका खाली ओढला आणि सगळ्यांना रस्त्यावर काढलं. मालक सगळ्यांदेखत मला नाही नाही ते बोलले. दुसऱ्या दिवशी माग पुन्हा सुरू. हातावर पोट असलेली माणसं, ती तरी किती दिवस रस्त्यावर उभी राहणार?

वस्तू मी रिक्षातून माझ्या घरी आणल्या आहेत. तांब्या तेवढा तिथेच ठेवला. तो आणला तर सांगणार कोण?

मी आता रोज दोन्ही वेळेला जाते. सकाळी पाळी बदलताना माग थोडा वेळ थांबलेले असतात. खालून कुणीतरी विचारतं, "बाई, तांब्या कोठे शे?" मी खरं तेच सांगते. आज मी म्हणाले, दुसऱ्या रेघेला टेकलाय. मी भाऊंसारखीच दोन बोटं लावून तो मागे ढकलला. मग एक माग सुरू झाला, मग दुसरा, आणि बोटं काढायच्या आतच तांब्या हलू लागला.