लांडगीचं नाणं

पितळेच्या गडव्याला तुम्ही चिंच लावता ना? मीही लावते. पण जुन्या नाण्याला लावू नये, हे मला उशिरा कळलं. उमरखेडला माझ्या शिवणाच्या दुकानात दर रविवारी आम्ही तिघं नाण्यांचे शौकीन जमतो. तिथे असे किस्से चिंध्यांसारखे साठत जातात.

*

निवृत्त ड्रॉइंग मास्तर वानखेडे सरांनी मला पहिलं रोमन नाणं दिलं. काशाचं, हिरवट, वर दाढीवाला राजा. मी ते चिंचेने लख्ख घासून आणलं. सरांनी बराच वेळ भिंगातून पाहिलं आणि म्हणाले, “ताई, राजाची दाढी करून आणली तुम्ही.”

हिरवा थर गेला की चित्रही जातं, हे त्या दिवशी समजलं.

*

सरांच्या एका नाण्यावर रोमची देवी होती. घरी त्यांनी काकूंना, म्हणजे बायकोला, “ही देवी आहे” एवढंच सांगितलं. काकूंनी नवरात्रात ते नाणं घटाजवळ मांडून हळदकुंकू वाहिलं. शाळेत प्रदर्शन होतं, म्हणून सर मागायला गेले.

“दसऱ्यापर्यंत देवी हलत नसते,” काकू म्हणाल्या.

प्रदर्शनात नाण्याच्या जागी सरांनी चिठ्ठी ठेवली, ‘देवी घरी बसली आहे.’

*

तिसरी शेवंताबाई, बंजारा तांड्यावरची. तिच्या याडीच्या, म्हणजे आईच्या, कांचळीवर, म्हणजे चोळीवर, शिवलेल्या रुपयांत एक भोक पाडलेलं रोमन नाणं निघालं. चांगलंच झिजलेलं. सर म्हणाले, “बकरी दिसते.”

शेवंताबाई बकऱ्या राखूनच मोठी झालेली. “सर, बकरीचे कान असे उभे राह्यते काय? लांडगी हाय ते. दोन पोरायले पाजून राह्यली.”

सरांनी पुस्तक उघडलं. लांडगीच होती, रोम वसवणाऱ्या जुळ्या भावांना पाजणारी.

*

यंदा शेवंताबाईच्या मुलीचं लग्न ठरलं. याडीची नाणी नवरीच्या नव्या कांचळीवर लागणार होती. लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी मी कांचळी शिवून पोचवायला गेले, तर शेवंताबाईची जाऊ चिंचेचं पाणी घेऊन बसलेली. मी आधी ते लांडगीचं हिरवं नाणं उचललं आणि मुठीत धरलं.

“द्या ताई, बाकीचे सारे घासले.”

“हे नाही देणार. घासलं तर लांडगी जाईल.”

“जाऊ द्या नं मंग. बकऱ्या खाते ते. नवरीच्या अंगावर कायले पाह्यजे?”

शेवंताबाई कधी माझ्याकडे, कधी जावेकडे पाहत होती. चहा आला, तो मी डाव्या हाताने घेतला. ऊन उतरलं तरी मूठ उघडली नाही.

शेवटी नवरीनेच येऊन हात पुढे केला. “मावशी, लगन माह्यं हाय. मले द्या.”

तिला नाही कसं म्हणणार? दिलं, आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मांडवात आली. चकचकीत रुपयांच्या मधोमध एक हिरवं नाणं होतं, लांडगी वर करून शिवलेलं.